आवेग कमी होतो, अधोरेखित करा!

ग्रंथालयातून पुस्तके बाहेर जातात आणि पुष्कळदा परत येत नाहीत. किस्स्यांचे नेमके उलटे आहे. ते कोणी मागवीत नाही, त्यांना कोणी क्रमांक देत नाही, आणि एकदा आत आले की ते जागचे हलत नाहीत. नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी सत्तर-ऐंशीच्या दशकांत ग्रंथपाल होतो. ग्रंथालय आणि स्टाफरूम यांच्यामध्ये एक लाकडी पार्टिशन होते आणि संस्थेच्या काटकसरीमुळे ते छतापर्यंत पोचत नव्हते. त्यामुळे कपाटांत ग्रंथ जमत गेले आणि पार्टिशनवरून मुक्ताफळे!

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. वाचणे मात्र थांबवले नाही. ज्यांनी थांबवले होते, ते पार्टिशनच्या पलीकडे बसून पगारावर शिकवीत होते.

मंडळी, आज मी तुम्हाला सांगणार आहे ते सारे किस्से अकरावीच्या पदार्थविज्ञानातील एकाच प्रकरणाभोवतीचे आहेत. प्रकरणाचे नाव ‘संवेग आणि आवेग’. प्रकरण सोपे आहे. वस्तुमानाला वेगाने गुणले की संवेग मिळतो. बल जितका वेळ लावले, त्या वेळाने बलाला गुणले की आवेग मिळतो. आणि जितका आवेग द्यावा, तितकाच संवेग बदलतो. कमी नाही, जास्त नाही. हे मला एका दुपारी, माझ्या टेबलाशी बसून, कोणाचीही मदत न घेता कळले. आमच्या पदार्थविज्ञान विभागाला ते सेवानिवृत्तीपर्यंत कळले नाही!

ही नुसती करमणूक असती, तर मी तुमचा वेळ घेतला नसता. परंतु या प्रकरणातील एका वाक्यावर गांगुर्डे मॅडम यांची नोकरी टांगलेली होती. ते वाक्य कोणते, हे कळण्यासाठी आधी विभागप्रमुखांना भेटणे भाग आहे.

*

विभागप्रमुख पाटणकर सर. अंगात कडक इस्त्रीचा सफारी, आवाज भारदस्त, आणि ज्ञान सायक्लोस्टाईल केलेले! त्यांनी कधीतरी तरुणपणी नोट्स काढल्या होत्या. पुढे अभ्यासक्रम बदलला, अकरावी शाळेतून निघून कॉलेजात आली, पाठ्यपुस्तक बदलले. नोट्स बदलल्या नाहीत. त्या नोट्स विभागातील प्रत्येकाने जशाच्या तशा सांगायच्या आणि मुलांनी जशाच्या तशा लिहायच्या, हा आमच्याकडचा कुळाचार होता.

पुस्तक इंग्रजी आणि समजावणे मराठी, अशी तेव्हाची रीत. सरांना मराठीत अडले की ते इंग्रजीत शिरत. इंग्रजीत अडले की घड्याळाकडे पाहत. आणि घंटेला अवकाश असेल, तर म्हणत, “अधोरेखित करा!”

एकदा एका धीट मुलीने विचारले, “सर, संवेग म्हणजे वजन नाही, वेगही नाही. मग तो आहे तरी काय?”

“गुणाकार!”

“पण सर, कशाचा?”

“परीक्षेत विचारतात त्याचा! खाली बसा.”

आता ते वाक्य. प्रश्न तिसरा: क्रिकेटपटू झेल घेताना हात मागे का घेतो? सरांच्या नोट्समधील उत्तर असे: ‘हात मागे घेतल्याने आवेग कमी होतो, म्हणून हाताला लागत नाही. अधोरेखित करा.’

मंडळी, हे साफ खोटे आहे. चेंडू दगडी भिंतीशी थांबो वा उशीवर थांबो, थांबला म्हणजे त्याचा होता तेवढा सारा संवेग गेला. तेव्हा आवेग तेवढाच. हात मागे घेतल्याने वाढतो तो थांबायला लागणारा वेळ, आणि वेळ वाढला म्हणून कमी होते ते बल. एवढेच! पण नाशिकमधून डॉक्टर, इंजिनिअर होऊन बाहेर पडलेल्या कित्येक पिढ्यांनी ‘आवेग कमी होतो’ या शब्दांखाली पट्टी लावून रेघ मारलेली आहे.

*

या विभागात गांगुर्डे मॅडम आल्या. मूळच्या नांदगावच्या. वडील रेल्वेत गँगमन. मुलगी एम.एस्सी. झाली तेव्हा त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारात पेढे वाटले गेले होते. मॅडम इंदिरानगरला एका खोलीत भाड्याने राहत. धाकटा भाऊ बारावीला होता आणि त्याचे शिक्षण त्यांच्याच पगारावर चालले होते.

पगार मात्र हंगामी. दर एप्रिलात ‘आपणांस कार्यमुक्त करण्यात येत आहे’, आणि दर जूनमध्ये पुन्हा हजर. कायम व्हायचे, तर विभागप्रमुखांची शिफारस लागे. विभागप्रमुख पाटणकर सर!

मॅडमनी पहिल्याच वर्षी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्गाला बरोबर सांगितले. आवेग तेवढाच राहतो, बल कमी होते. मुलांनी ते सहामाहीत लिहिले. पेपर तपासले पाटणकर सरांनी. मॅडमच्या अख्ख्या तुकडीला त्या प्रश्नात शून्य!

मॅडम उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. मी पार्टिशनच्या अलीकडे होतो.

“सर, आवेग कमी पडला असे म्हटले, तर चेंडूचा उरलेला संवेग गेला कुठे?”

पाटणकर सरांनी चहाचा घोट घेतला. “गेला कुठे म्हणजे? हातात मुरला! म्हणून तर हात झणझणतो!”

विभागातले दुसरे प्राध्यापक सोनवणे सर मोठ्याने हसले. “लोणच्यात मीठ मुरावे तसा!”

या दोघांना सरकार पदार्थविज्ञान शिकवण्यासाठी वेतन देत होते, पाककृती शिकवण्यासाठी नव्हे, हे मी येथे नमूद करून ठेवतो.

मॅडम हलल्या नाहीत. तेव्हा पाटणकर सरांनी कप बशीत ठेवला आणि जे अशा वेळी हटकून बाहेर पडते, ते बाहेर काढले. “हे बघा, तुमच्या लोकांना जागा राखीव मिळतात. मिळू देत. पण मग ज्येष्ठांचे थोडे ऐकून घ्यायलाही शिका.”

“जागा राखीव असते, सर,” मॅडम म्हणाल्या. “नियम नसतो.”

कप बशीतून पुन्हा उचलल्याचा आवाज आला. मग पाटणकर सर म्हणाले, “एप्रिल फार लांब नाही, मॅडम.”

*

लोणच्याची उपमा देणाऱ्या सोनवणे सरांकडे प्रॅक्टिकल्स होती. ते मूळचे येवल्याचे. घरचे पैठणीचे हातमाग होते. तेथे एक धागा चुकला तर अख्खा पदर उसवतात, असे ते अभिमानाने सांगत. प्रयोगशाळेत त्यांची ही शिस्त कधी शिरली नाही.

संवेगाच्या अक्षय्यतेचा प्रयोग असा असतो. टेबलावर दोन छोट्या ट्रॉल्या. एक ढकलून दुसरीवर आदळायची. धडकेपूर्वी दोघींचा मिळून जेवढा संवेग, तेवढाच धडकेनंतर निघाला पाहिजे. आमच्याकडे तो निघत नसे, कारण टेबल उतरते होते. आदळलेल्या ट्रॉल्या थेट दाराकडे निघून जात! टेबलाखाली एक पाचर ठोकली असती तर काम भागले असते. पण सोनवणे सरांची पद्धत अधिक शास्त्रशुद्ध होती. आधी उत्तर लिहायचे, मग त्या उत्तराला शोभतील अशी निरीक्षणे भरायची. टेबल उतरतेच राहिले; जर्नल्स मात्र समतोल!

एका वर्षी एका ट्रॉलीचे चाक निखळले. ती भद्रकालीत एका सुताराकडे दुरुस्तीला गेली आणि सुतार लग्नाला गेला. महिनाभर प्रयोगशाळेत एकच ट्रॉली. गांगुर्डे मॅडम त्यांच्या तुकडीसाठी ती मागायला गेल्या, तर सोनवणे सर जर्नल्सवर लाल सह्या करीत बसलेले. प्रत्येक जर्नलात प्रयोग पूर्ण. दोन ट्रॉल्या, धडक, आकृती, आणि संवेग शेवटच्या दशांशापर्यंत अक्षय्य!

“सर, दुसरी ट्रॉली तर सुताराकडे आहे ना?”

“आहे की.”

“मग मुलांनी धडक कशाशी दिली?”

सोनवणे सरांनी मान वर न करता पुढचे जर्नल ओढले. “मॅडम, संवेग अक्षय्य असतो, असे आपणच शिकवतो ना? एका ट्रॉलीच्या जाण्याने त्याचे काय बिघडते!”

*

सोनवणे सर दर शनिवारी येवल्याला जात आणि सोमवारी सकाळच्या एस.टी.ने परत येत. स्टँडवर उतरून कॉलेजपर्यंत चालायला नको, म्हणून कॉलेजजवळच्या वळणावर गाडी हळू झाली की ते उडी टाकीत.

चालत्या गाडीतून उतरणाऱ्याने गाडीच्याच दिशेने चार पावले पळावे, हे त्याच प्रकरणात आहे. पाय जमिनीला टेकून थांबतात. देहाचा संवेग थांबत नाही. सोनवणे सरांनी हे कैक वर्षे शिकवले होते. त्या सोमवारी ते उतरले आणि, एखाद्या सन्माननीय व्यक्तीने व्यासपीठावर उभे राहावे, तसे जागच्या जागी उभे राहिले.

पुढच्या क्षणी ते एका भाजीवाल्या बाईच्या कोथिंबिरीच्या ढिगावर पालथे पडले होते!

बाई आधी घाबरली, मग भडकली. “ओ मास्तर! नशीब लय चांगलं तुमचं, कोथमिरीवर पडले. शेजारच्या नारळावर पडले असते म्हंजे?”

सर धुळीने माखलेले, कानावर कोथिंबिरीची काडी, अशा थाटात स्टाफरूममध्ये आले. हातात दोन चेपलेल्या जुड्या. बाईने त्या घ्यायलाच लावल्या होत्या.

त्याच दिवशी अकरावीला तोच भाग होता. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, “सर, मग सकाळी तुम्ही पळाले का नाय?” अख्ख्या वर्गाने खिडकीतून पाहिले होते.

सोनवणे सर शांतपणे म्हणाले, “अरे, पळणे हे प्रश्न दोनचे उत्तर आहे. एस.टी.चे नव्हे! पुढे लिहा.”

*

असे वाटेल की मी सोनवणे सरांवर जास्त कठोर आहे. तेव्हा विभागप्रमुखांचे हेल्मेट सांगतो.

पाटणकर सरांनी स्कूटर घेतली आणि सासऱ्यांनी मुंबईहून एक हेल्मेट पाठवले. पांढरेशुभ्र, चकचकीत. स्टाफरूममध्ये ते टेबलाच्या मध्यभागी ठेवले जाई. येणारा-जाणारा त्यावर टिचकी मारून पाही. पण सरांचे डोके मोठे. निदान आकाराने. हेल्मेट घट्ट होऊ लागले, शिवाय आत गरम होई. म्हणून सरांनी एका रविवारी आतला थर्मोकोलचा आणि स्पंजचा थर चाकूने सोलून काढला. मग हेल्मेट व्यवस्थित बसू लागले. घमेले बसावे तसे!

गांगुर्डे मॅडमनी ते उचलून आत पाहिले. तेव्हा त्यांचे नोट्सवरून वाजलेले होते, तरी त्यांच्याने राहवले नाही. “सर, आतला थर काढला? डोके थांबायला वेळ मिळावा म्हणून तोच तर असतो.”

“मॅडम,” सर म्हणाले, “संरक्षण कडकपणाने होते, मऊपणाने नव्हे. चिलखताला कधी गादी पाहिली आहे का?”

काढलेल्या स्पंजचे काय केले, हे दुसऱ्या दिवशी कळले. सरांनी त्याची स्टाफरूममधल्या आपल्या खुर्चीसाठी गादी शिवून घेतली होती. नेमका कोणता अवयव जपायचा, हे त्यांनी विचारपूर्वक ठरवले होते!

*

संस्थेचे सेक्रेटरी होते अण्णासाहेब. निफाडकडचे मोठे द्राक्षबागायतदार. शिक्षण सातवी, आणि सारे प्राध्यापक त्यांना पाहून उठून उभे राहत. कोणाला घ्यायचे आणि कोणाला काढायचे, यावर शेवटची सही त्यांची. पदार्थविज्ञान त्यांना कळत नसे आणि ते तसे मोकळेपणाने सांगत. याबाबतीत ते आमच्या विभागाहून पुष्कळ प्रामाणिक होते.

विज्ञान प्रदर्शनात पाटणकर सरांनी खास अण्णासाहेबांना खूश करण्यासाठी द्राक्षांचा प्रयोग मांडला. दोन पेट्या. एकीत कागदाची कात्रणे भरून द्राक्षे ठेवलेली, दुसरीत नुसतीच. दोन्ही पेट्या सारख्याच उंचीवरून खाली सोडल्या. नुसत्या पेटीतून रस गळू लागला. कात्रणांच्या पेटीतले घड जसेच्या तसे.

“पाहिलेत, अण्णासाहेब?” सर म्हणाले. “कात्रणांमुळे आवेग कमी होतो!”

अण्णासाहेबांनी फुटलेला घड उचलून पाहिला. चेहऱ्यावर खरे दुःख होते. “सर, कात्रणं घातल्याबगर पेटी गाडीत चढवायची नाय, हे आमच्या बागंतल्या बायांना बी ठाव हाय. ते बघायला चांगला माल फोडला व्हय?”

“नाही, म्हणजे, त्यामागचे शास्त्र...”

“शास्त्र सांगा की. पण पुढच्या बारीला टमाटे फोडा!”

मॅडम शेजारच्याच टेबलाशी होत्या. ‘आवेग कमी होतो’ हे त्यांनीही ऐकले. त्या काहीतरी बोलण्यासाठी पुढे झाल्या. पण पाटणकर सरांनी त्यांच्याकडे असे पाहिले की एप्रिल महिना थेट त्यांच्या डोळ्यांत दिसला. मॅडम मागे सरल्या. माझ्या मते तो त्या प्रदर्शनातील सर्वांत वाईट प्रयोग होता.

*

तरीही, ‘उरलेला संवेग गेला कुठे’ हा प्रश्न सरांना टोचत असावा. कारण एका दुपारी ते चक्क ग्रंथालयात आले! कपाटे कोणत्या बाजूला आहेत, हे त्यांना विचारावे लागले.

“आप्पा, मोमेंटमवरची असतील तेवढी पुस्तके काढा.”

मी काढली. देशी, विदेशी, जुनी, नवी. टेबल भरले. सरांनी एकेक उघडले आणि मिटले. कपाळावरची शीर हळूहळू वर येऊ लागली. प्रत्येक पुस्तकात तेच: वेळ वाढतो, बल कमी होते, आवेग तेवढाच.

शेवटी ते म्हणाले, “छपाईची चूक आहे.”

मी आदरपूर्वक विचारले, “सगळ्या पुस्तकांत एकच?”

“अहो, या लोकांची हीच तर पद्धत असते,” सर उठता उठता म्हणाले. “स्वतः विचार करायचा नाही. एकाचे वाचून दुसऱ्याने उतरवायचे!”

आणि ते नोट्स द्यायला वर्गावर गेले.

*

त्या वर्षी मार्चमध्ये पाटणकर सरांनी मॅडमना बोलावून घेतले. आवाज एकदम गोड. एवढा गोड की पार्टिशनच्या अलीकडे मला संशय आला.

“हे बघा, मॅडम. कायम जागा यंदा निघते आहे. नियमाप्रमाणे तुमचा एक डेमो तास होईल. अण्णासाहेब येतील, मी असेन. अण्णासाहेबांना विषय कळत नाही. मी मान हलवली की ते सही करतात. तुम्ही प्रश्न तिसरा शिकवा. आणि नोट्समधले ते वाक्य तेवढे म्हणून टाका. एकच वाक्य. मी मान हलवतो.”

“आणि नाही म्हटले तर?”

“तर मान मला दुसऱ्या दिशेनेही हलवता येते!”

संध्याकाळी मॅडम माझ्या काउंटरवर पुस्तक परत करायला आल्या. मी सहसा कोणाच्या खाजगी बाबतीत पडत नाही. त्या दिवशी पडलो. विचारले, “मग, काय ठरवलेत?”

त्या पुस्तकाच्या कव्हरवरून हात फिरवीत राहिल्या. “आप्पा, भावाचे पुढचे ॲडमिशन आहे. वडिलांची नोकरी संपत आली. वाक्य एकच आहे हो.” मग थोड्या थांबून म्हणाल्या, “पण ते दर वर्षी म्हणावे लागेल ना.”

मी पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला. तो उलटा पडला.

*

डेमो तास ग्रंथालयातच झाला, कारण प्रयोगशाळेला रंग चालला होता. म्हणून जे घडले ते मी पार्टिशनवरून ऐकलेले नाही. समोर उभे राहून पाहिलेले आहे.

अकरावीची एक तुकडी खाली सतरंजीवर. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या. एकीत अण्णासाहेब, घड्याळाकडे पाहत. बागेत माल तोडणीला आलेला होता. दुसरीत पाटणकर सर, मान हलवण्याच्या तयारीत. सोनवणे सर दाराशी.

मॅडम फिकी निळी साडी नेसून आल्या होत्या. संवेग शिकवला, आवेग शिकवला, फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. पोरे ऐकत होती. मग त्यांनी पिशवीतून एक क्रिकेटचा चेंडू काढला.

“आता प्रश्न तिसरा,” पाटणकर सर खुर्चीत पुढे सरकले. “उत्तर सांगा, मॅडम. नोट्समध्ये आहे तसे.”

मॅडमनी खडू खाली ठेवला. एकदा अण्णासाहेबांकडे पाहिले, एकदा चेंडूकडे. मला वाटले, आता म्हणतात. मी मान खाली घातली.

“सांगते, सर. आधी एक झेल घ्याल का? मुलांना नीट दिसेल.”

अण्णासाहेबांसमोर नाही कसे म्हणायचे? सर उठले, बाह्या सरसावल्या. मॅडमनी चेंडू अलगद टाकला. सरांनी हात छातीशी मागे घेत तो सुरेख झेलला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनाही बरे वाटले असावे. त्यांनी चेंडू मुठीत धरून सर्वांना दाखवला.

“हात मागे घेतले तुम्ही,” मॅडम म्हणाल्या. “मग आवेग तेवढाच राहिला, की कमी झाला?”

“कमी झाला!” सर खणखणीत बोलले. “अधोरेखित करा!”

“म्हणजे चेंडूचा सगळा संवेग गेलेला नाही. थोडा शिल्लक आहे.”

“असेल.”

“असेल की आहे, सर?”

“आहे!”

“आणि संवेग शिल्लक आहे, म्हणजे वेगही शिल्लक आहे. वस्तुमान गुणिले वेग. तुमच्याच नोट्समध्ये पहिल्या पानावर आहे.”

सरांनी सोनवणे सरांकडे पाहिले. सोनवणे सर दाराच्या बिजागरीचा अभ्यास करू लागले.

“आहे,” पाटणकर सर म्हणाले.

“मग सर, तुमच्या हातातला चेंडू थांबला आहे का?”

ग्रंथालयात इतकी शांतता मी नोकरीच्या अख्ख्या काळात कधी राखू शकलो नव्हतो. सरांनी मुठीतल्या चेंडूकडे पाहिले. मग मुलांकडे. मग फळ्यावरच्या दोन ओळींकडे. आणि मग त्यांनी मान ताठ केली.

“नाही!” ते म्हणाले. “थांबलेला नाही!”

अण्णासाहेब खुर्चीतून उठले. जवळ गेले. चष्मा वर सरकवून सरांच्या मुठीतला चेंडू या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला. मग त्यांनी सरांच्या मनगटावर हात ठेवला आणि मोठ्या काळजीने म्हणाले,

“मग लय घट्ट धरा, सर. बाईंची कायमची ऑर्डर टाइप व्हईस्तोवर सुटायला नको!”